‘दॅट’ गिळला, कॉमा विसरला आणि सर्व्हर बंद पडला

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मागे बोटीच्या इंजिनाची धडधड ऐकू आली असेल. रेकॉर्डिंग मढच्या जेट्टीजवळ केलंय, तेवढं सांभाळून घ्या. आणि ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोललेलं थोडं नीटनेटकं करून लिहिलंय. इंग्रजी वाक्यं कानाला ऐकू येतात तशीच देवनागरीत ठेवलीत, म्हणजे मोठ्याने वाचली तरी कळतील.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे हा तर शाळेतला व्याकरणाचा तास! नाही. मी इंजिनिअर आहे, इंग्रजीचा मास्तर नाही. पण एका छोट्या शब्दामुळे आणि एका न टाकलेल्या चिन्हामुळे माझ्या टीममधल्या एका पोराची नोकरी जायची वेळ आली होती. तिथपासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. आधी तो किस्सा सांगतो.

बोटीतून पाठवलेला मेसेज

बुधवारची संध्याकाळ. मी ऑफिसातून निघालो, मेट्रोने वर्सोव्याला आलो, तिथून रिक्षा आणि मग मढची बोट. बोटीत उभ्या उभ्या, एका हाताने दांडा धरून, मी दुसऱ्या शहरातल्या टीमला मेसेज टाकला. डोक्यातलं मराठी असं होतं: ‘क्लायंटने सांगितलंय, शुक्रवारी जुना सर्व्हर बंद केला तरी चालेल.’ त्याचं इंग्रजी मी केलं:

«क्लायंट कन्फर्म्ड ऑन फ्रायडे द ओल्ड सर्व्हर कॅन बी स्विच्ड ऑफ.»

पुन्हा एकदा वाचा. शुक्रवारी काय होणार? सर्व्हर बंद होणार, की क्लायंटने शुक्रवारी होकार दिला होता?

तिकडे बसलेला मुलगा नवीन होता, तीन महिने झाले होते त्याला. त्याने वाचलं: क्लायंटने गेल्या शुक्रवारी होकार दिलाय, म्हणजे सर्व्हर आता बंद करायला हरकत नाही. त्याने त्याच रात्री बंद केला. जुन्या सर्व्हरवरचा डेटा गुरुवारी रात्री हलवायचा होता. गुरुवारी सकाळी क्लायंटचं बिलिंग ठप्प. मी जेट्टीवर पोचायच्या आधीच फोन वाजायला लागले.

डेटा परत मिळाला, पण त्याला दोन रात्री लागल्या. त्यानंतर जो रिपोर्ट लिहिला गेला त्यात कारण काय, तर ‘सूचना नीट न वाचता कृती’. म्हणजे सगळं त्या पोरावर. त्याने मला फोन केला, आवाज रडवेला. म्हणाला, “दादा, मी मेसेज तीन वेळा वाचला होता.” मग मी माझाच मेसेज चौथ्यांदा वाचला. त्याचं वाचन बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. चुकलं होतं ते वाक्य, आणि ते वाक्य माझं होतं. मी रिपोर्ट बदलून घेतला. पण तो बदलायला मला हे समजावून सांगावं लागलं की वाक्य नेमकं कुठे फुटलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

एक ‘दॅट’, दोन जागा

त्या वाक्यातून मी ‘दॅट’ गाळला होता. इंग्रजीत तो बऱ्याचदा गाळता येतो, त्यात चूक काही नाही. पण आता तो परत ठेवून बघा:

«क्लायंट कन्फर्म्ड ऑन फ्रायडे दॅट द ओल्ड सर्व्हर कॅन बी स्विच्ड ऑफ.» होकार शुक्रवारी मिळाला.

«क्लायंट कन्फर्म्ड दॅट ऑन फ्रायडे द ओल्ड सर्व्हर कॅन बी स्विच्ड ऑफ.» सर्व्हर शुक्रवारी बंद करायचा.

शब्द तेच, फक्त ‘दॅट’ची जागा बदलली. ‘दॅट’ म्हणजे शेताचा बांध आहे. बांधाच्या अलीकडचं सगळं ‘कोणी कधी सांगितलं’ याचं, पलीकडचं सगळं ‘काय सांगितलं’ याचं. मी बांधच काढून टाकला, आणि ‘ऑन फ्रायडे’ मधोमध राहिला. तो कोणाच्या हद्दीत आहे हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं.

पण आपण मराठी माणसं इथेच का अडखळतो?

मराठीतही आपण ‘की’ गाळतोच ना. ‘मला वाटतं की बोट बंद असेल’ असं कोण बोलतं? आपण म्हणतो, ‘मला वाटतं, बोट बंद असेल.’ आणि काही बिघडत नाही. का बिघडत नाही?

कारण मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं. ‘क्लायंटने शुक्रवारी सांगितलं, सर्व्हर बंद करा.’ इथे ‘सांगितलं’ आलं की पहिलं वाक्य संपलं, हे कान ओळखतो. ‘क्लायंटने सांगितलं, शुक्रवारी सर्व्हर बंद करा.’ इथे ‘शुक्रवारी’ क्रियापदाच्या पलीकडे गेला, म्हणजे तो दुसऱ्या वाक्याचा. आपलं क्रियापदच बांधाचं काम करतं. इंग्रजीत क्रियापद मधे येतं आणि वेळ-काळ त्याच्या मागून येतात. म्हणून तिथे हद्द दाखवायला वेगळा शब्द लागतो, किंवा चिन्ह लागतं.

याला इतिहासाचाही थोडा आधार आहे. मोडीत लिहिताना शब्द सुटे लिहायची पद्धत नव्हती आणि विरामचिन्हंही नव्हती. तरी पेशवाईतली पत्रं लोक वाचत होते, त्यावर कारभार चालत होता. वाक्याच्या शेवटचं क्रियापद, ‘म्हणोन’, ‘तरी’, ‘की’ असे शब्द, हेच वाचणाऱ्याला कुठे थांबायचं ते सांगायचे. आज आपण मराठीत जे स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम वापरतो ते इंग्रजीकडून आलेत. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात ज्यांचा मोठा हात होता त्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं. म्हणजे मराठीत कॉमा येऊन दोनशे वर्षंही झालेली नाहीत. आपल्यासाठी कॉमा म्हणजे ‘इथे जरा श्वास घे’. इंग्रजीत कॉमा श्वासासाठी नसतो, तो वाक्याच्या सांगाड्याचा भाग असतो. हा फरक एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

पहिली सवय मोडायची: ‘आय थिंक’नंतर कॉमा

‘मला वाटतं,’ म्हणताना आपण थांबतो, म्हणून इंग्रजीतही लिहितो: «आय थिंक, द बोट इज लेट.» हे चूक. ‘दॅट’ गाळला म्हणून त्याच्या जागी कॉमा भरायचा नसतो. जागा मोकळीच सोडायची: «आय थिंक द बोट इज लेट.» ‘दॅट’ ठेवलात तरी त्याच्या आधी किंवा नंतर कॉमा नको.

मग कॉमा कधी? ‘आय थिंक’ मधे किंवा शेवटी ढकललं तर. «द बोट, आय थिंक, इज लेट.» «द बोट इज लेट, आय थिंक.» इथे ते मागून जोडलेलं शेपूट आहे, म्हणून कॉमाने वेगळं काढायचं. आणि कोणाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे देत असाल तर ‘ही सेड’नंतर कॉमा येतो. एवढंच.

‘दॅट’ कधी ठेवायचाच

गप्पांमध्ये, छोट्या वाक्यात, ‘थिंक’, ‘नो’, ‘से’ यांच्यानंतर बिनधास्त गाळा. पण तीन ठिकाणी ठेवा.

एक, मधे दिवस किंवा वेळ आली तर. माझा मेसेज आठवा.

दोन, ‘दॅट’नंतर लगेच माणसाचं किंवा वस्तूचं नाव येत असेल आणि वाचणारा फसू शकत असेल तर. «आय बिलीव्ह द ड्रायव्हर इज लाइंग.» पहिले चार शब्द वाचून वाटतं, माझा ड्रायव्हरवर विश्वास आहे. पुढे गेल्यावर कळतं, उलटंच आहे. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये पहिले चार-पाच शब्दच दिसले तर? गोंधळ. «आय बिलीव्ह दॅट द ड्रायव्हर इज लाइंग» म्हटलं की प्रश्न मिटला.

तीन, एकाच माणसाच्या दोन गोष्टी सांगायच्या असतील तर. «ही सेड द टेस्ट फेल्ड अँड वी आर गोइंग बॅक टू द ओल्ड व्हर्जन.» जुन्या व्हर्जनवर जायचं हे तो म्हणाला, की मी ठरवलं? तो म्हणाला असेल तर दोन्हीकडे ‘दॅट’ लावा: «ही सेड दॅट द टेस्ट फेल्ड अँड दॅट वी आर गोइंग बॅक.» मी ठरवलं असेल तर सरळ दोन वाक्यं करा. ऑफिसच्या मेलमध्ये कोण काय बोललं यावरून उद्या भांडण होऊ शकतं, तेव्हा हा दुसरा ‘दॅट’ फार उपयोगी पडतो.

‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ जोडून जी वाक्यं येतात त्यांचंही असंच. «द फिश दॅट आय बॉट वॉज फ्रेश» यातला ‘दॅट’ काढता येतो, कारण नंतर ‘आय’ हा कर्ता हजर आहे. पण «द वुमन हू सोल्ड द फिश इज माय आँट» यातला ‘हू’ काढून बघा: «द वुमन सोल्ड द फिश इज माय आँट.» वाक्य कोसळलं. इथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे. कर्त्याला सुट्टी देता येत नाही.

‘सो’च्या आधीचा कॉमा अर्थ बदलतो

हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. ‘सो दॅट’मधला ‘दॅट’ही गाळतात, आणि मग उरतो नुसता ‘सो’.

«आय लेफ्ट अर्ली सो आय कुड गेट अ सीट.» कॉमा नाही. म्हणजे जागा मिळावी म्हणून लवकर निघालो. मिळाली की नाही ते माहीत नाही.

«आय लेफ्ट अर्ली, सो आय गॉट अ सीट.» कॉमा आहे. म्हणजे लवकर निघालो, त्यामुळे जागा मिळाली.

पहिल्यात हेतू, दुसऱ्यात परिणाम. मराठीत आपल्याकडे ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत तेच काम एक कॉमा करतो.

‘आणि’ काढून कॉमा टाकला तर?

आता उलट बाजू. मराठीत ‘आणि’ न वापरता वाक्यं लावत जाणं आपल्या अंगवळणी पडलंय. ‘पाऊस पडतोय, मला उशीर होईल.’ एकदम सुंदर मराठी. तेच इंग्रजीत: «इट इज रेनिंग, आय विल बी लेट.» ही इंग्रजीत सर्रास होणारी चूक आहे. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने बांधली. कॉमा दोरा आहे, दोरखंड नाही. दोन बोटी दोऱ्याने बांधून ठेवता येत नाहीत.

उपाय तीन. पूर्णविराम देऊन दोन वाक्यं करा. अर्धविराम द्या. किंवा कॉमा ठेवून त्याला सोबत द्या: «इट इज रेनिंग, सो आय विल बी लेट.» कॉमासोबत जोडी करणारे शब्द सातच आहेत: ‘फॉर’, ‘अँड’, ‘नॉर’, ‘बट’, ‘ऑर’, ‘येट’, ‘सो’. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ या यादीत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यांच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, आणि नंतर कॉमा.

आणि दोन्हीकडे पूर्ण वाक्य नसेल तर कॉमा सहसा नकोच. «आय गॉट ऑफ द बोट अँड कॉल्ड हर.» कर्ता एकच, दुसऱ्या बाजूला नवीन कर्ता नाही, म्हणून ‘अँड’च्या आधी कॉमा नाही.

विशेषणांमध्ये मात्र कॉमा खरोखरच ‘अँड’ची जागा घेतो. तपासायची युक्ती सोपी आहे. मधे ‘अँड’ घालून बघा. «अ कोल्ड अँड डर्टी रूम» चालतं, म्हणून «अ कोल्ड, डर्टी रूम» असा कॉमा द्या. «अ बिग अँड वुडन बोट» कानाला खटकतं, म्हणून «अ बिग वुडन बोट», कॉमा नाही.

एका कॉमाची किंमत: पन्नास लाख डॉलर

आता म्हणाल, एवढं कोण बघतं? कोर्ट बघतं. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या ओकहर्स्ट डेअरीच्या दुधाच्या गाड्या चालवणाऱ्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कायद्यात अशी यादी होती की ही कामं करणाऱ्यांना ओव्हरटाइमचा नियम लागू नाही: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोरिंग, «पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन». कसली कामं? शेतमाल, मांस, मासे आणि नाशवंत खाद्यपदार्थ यांची. आमच्या मढमध्ये बांबूंवर बोंबील सुकत घालणाऱ्यांचं कामही या यादीत बसलं असतं बघा.

वाद शेवटच्या तीन-चार शब्दांवर होता. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, शेवटचं काम आहे पॅकिंग, मग ते पाठवण्यासाठी असो की वाटपासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, गाडी चालवतो, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम द्या. कंपनी म्हणाली, नाही, ‘डिस्ट्रिब्युशन’ हे यादीतलं वेगळं काम आहे, आणि तुम्ही तेच करता.

दोघांकडेही मुद्दे होते. ड्रायव्हर म्हणाले, यादीतली सगळी कामं ‘इंग’वर संपतात. ‘डिस्ट्रिब्युशन’ वेगळं काम असतं तर ‘डिस्ट्रिब्युटिंग’ लिहिलं असतं. कंपनी म्हणाली, यादीतल्या शेवटच्या कामाच्या आधी ‘ऑर’ लागतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ‘पॅकिंग’ शेवटचं असेल तर त्याच्या आधीचा ‘ऑर’ कुठे गेला? म्हणजे एका वाचनात कॉमा गायब, दुसऱ्या वाचनात जोडशब्द गायब. त्यात आणखी गंमत अशी की त्या राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमावलीतच यादीत शेवटच्या कामाआधी कॉमा देऊ नका असं सांगितलं होतं.

मार्च २०१७ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने म्हटलं, वाक्य संदिग्ध आहे, आणि असा कायदा कामगारांच्या हिताच्या बाजूने वाचायचा. २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. आणि कायदा? तो दुरुस्त केला. यादीत कॉमांच्या जागी अर्धविराम आले आणि ‘डिस्ट्रिब्युशन’चं ‘डिस्ट्रिब्युटिंग’ झालं.

म्हणून यादीत «ए, बी, अँड सी» असा शेवटचा कॉमा द्यायचा की नाही, यावर लोक कितीही भांडोत. माझं मत सांगतो: वर्तमानपत्रं बऱ्याचदा देत नाहीत, पुस्तकं बऱ्याचदा देतात, दोन्ही चालतं. पण यादीत कुठेतरी आतच ‘अँड’ किंवा ‘ऑर’ लपला असेल तर कॉमा द्याच. फुकट आहे तो.

कोडवाल्यांसाठी जाता जाता

जे पायथन लिहितात त्यांनी हे एकदा करून बघा. स्ट्रिंगच्या यादीत ‘बोंबील’ आणि ‘सुरमई’ यांच्या मधला कॉमा विसरा. पायथन एरर देत नाही. तो दोन्ही चिकटवून ‘बोंबीलसुरमई’ नावाचा एकच मासा बनवतो आणि पुढे जातो. दोन मासे टाकले होते, मोजले तर एकच. जेसनमध्ये असं केलं तर निदान एरर तरी येते. माणसं पायथनसारखी असतात, मंडळी. वाक्य तुटलेलं असलं तरी एरर देत नाहीत. आपल्या मनाने जोडून घेतात आणि कामाला लागतात. त्या पोराने तेच केलं.

आता काय करायचं?

मी सध्या एक करतो. कामाचा मेसेज पाठवण्याआधी तो एकदा उलट्या हेतूने वाचतो, म्हणजे याचा चुकीचा अर्थ कसा काढता येईल ते शोधतो. सापडला तर ‘दॅट’ परत घालतो, किंवा वाक्य तोडून दोन करतो. दिवस, तारीख, रक्कम असेल तर तिला स्वतःचं वेगळं वाक्य देतो. «द क्लायंट सेड येस. स्विच इट ऑफ ऑन फ्रायडे, नॉट बिफोर.» इंग्रजी साधं दिसतं, पण त्यावरून कोणाची झोप उडत नाही.

आणि अजून एक. तुमचा मेसेज कोणी चुकीचा वाचला तर लगेच ‘नीट वाच ना’ म्हणू नका. आधी स्वतःचं वाक्य वाचा. ज्युनिअर मुलं उलट विचारायला घाबरतात, विशेषतः मेसेज इंग्रजीत असला की. त्यांना वाटतं आपलंच इंग्रजी कच्चं. माझ्या किस्स्यात कच्चं इंग्रजी त्याचं नव्हतं, माझं होतं. तो मुलगा अजून आमच्या टीममध्ये आहे, आणि आता माझ्या प्रत्येक मेसेजवर विचारतो, “दादा, फ्रायडे कोणाचा?” सगळे हसतात, पण प्रश्न योग्य असतो.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या फोनमधले शेवटचे पाच इंग्रजी मेसेज उघडा. ‘आय थिंक’नंतर कॉमा सापडतो का, दोन वाक्यं नुसत्या कॉमाने बांधलीत का, आणि एखादा दिवस दोन क्रियापदांच्या मधे अडकलाय का, ते बघा. सापडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात नावं न घेता वाचू. चला, बोट लागतेय. भेटू पुढच्या भागात!